तहकूब सभेतलं भाषण

जगात आजवर जे कुणी लढाईत हरले, पंगतीत उपाशी राहिले किंवा गोष्ट सांगणाऱ्याच्या नजरेतून नुसतेच निसटले, त्या सगळ्यांची वकिली करायला माझी भाची एकटी पुरेशी आहे. फी नाही, तारीख नाही, अशील मरून शेकडो वर्षं झाली असली तरी हरकत नाही. साताऱ्याकडच्या आमच्या गावातून ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला नेरूळला आमच्याकडे राहायला आली, तेव्हा बहिणीनं मला फोनवर बजावलं होतं, "दादा, पोरगी गुणाची हाय, फक्त तिला प्रश्न लई पडत्यात." मी म्हटलं, पडू देत, या वयात नाही पडायचे तर कधी पडायचे? प्रश्न तिला पडतात आणि झोप आपली उडते, हे मला नंतर कळलं.

तिच्या वाचनाची शिस्त मोठी. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी इतिहास आणि संध्याकाळी डोकं शिणलं की पुराणं. परीक्षेत पुराणांवर काही विचारत नाहीत, असं मी एकदा सुचवून पाहिलं, तर म्हणाली, "परीक्षेत भूक लागल्यावर काय करायचं तेपण विचारत नाहीत मामा, म्हणून जेवायचं सोडायचं का?" दिवसभर वाचलेलं सगळं संध्याकाळी जेवताना आमच्या पुढ्यात यायचं, पण सरळ कधीच नाही. समुद्रमंथन वाचलं, तर अमृत कुणी प्यायलं आणि विष कुणी पचवलं याच्याशी तिला काही कर्तव्य नव्हतं. "मामा, दोरीच्या जागी तो नाग बांधला, त्याचं पुढं काय झालं ओ? डोंगराला गुंडाळून दोन्हीकडनं ओढला त्याला. सालटी निघाली असतील अंगाची. ज्याला त्याला काय ना काय मिळालं, त्याला कुणी खोबरेल तरी लावलं का?" माझे वडील कोपऱ्यातून म्हणाले, "अगं, शंकरानं गळ्यात घेतला की त्याला." "घेतला आजोबा, पण दागिना म्हणून घेतला. दुखतंय का रे बाबा, हे कुणी विचारलं?" मी भाकरीचा तुकडा हातात धरून विचारात पडलो. लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आलोय, पण त्या नागाची विचारपूस करावी असं काही मला सुचलं नव्हतं. बायको म्हणाली, "आमटी निवतेय. नागाचं उद्या बघा."

पानिपत वाचायला घेतलं तेव्हा तर आमच्या घरात आठवडाभर सुतक होतं. ही धड जेवेना. बायकोला आधी वाटलं, आपल्या हातचं आवडत नाही. शेवटी खोदून विचारलं तर म्हणते, "मामी, तिकडं रसद तुटलीय, माणसं उपाशी हायेत. घास उतरत नाही." "तिकडं असतील," बायको म्हणाली, "इकडं मी सकाळपासून पुरण वाटतेय." त्याच आठवड्यात गेटवर गोंधळ घालणाऱ्या काही पोरांना मी सहज 'बाजारबुणगे' म्हणून गेलो. भाचीनं चमचा खाली ठेवला. "बुणगे म्हणजे कोण मामा? रांधणारी, ओझी वाहणारी, देवदर्शनाला निघालेली साधी माणसं. ती पण मेली तिथं. त्यांच्या नावानं तुम्ही शिव्या देता?" तेव्हापासून तो शब्द मी वापरत नाही. पामबीच रस्त्यावर गाडी चालवताना त्याची फार उणीव भासते.

वर्तमानपत्राचा ताप आमच्यापुरता राहिला असता तर ठीक होतं. कुठल्याशा समुद्रात एक मोठं जहाज अडकल्याची बातमी आली. जगाला मालाची चिंता, हिला खलाशांच्या जेवणाची. आमच्या खालच्या मजल्यावरचा एक गृहस्थ उरणला कंटेनरच्या गोदामात कामाला आहे. त्याला हिनं लिफ्टमध्ये गाठलं. "काका, जहाजावरची भाजी संपली असंल की हो. मग ते खात्यात काय?" तो बिचारा म्हणाला, "अगं, मी माल उतरवून घेतो. जेवणाचं मला काय म्हाईत?" तिनं रोज विचारायला सुरुवात केल्यावर तो जिन्यानं ये-जा करू लागला. जहाज सुटलं तरी त्यानं लिफ्ट धरली नाही. आणखी कुठलं जहाज अडकेल याचा काय नेम!

गेटपाशी शेजारच्या शिरवणे गावातली एक मावशी मासळी घेऊन बसते. बायकोनं भाचीला बोंबील आणायला पाठवलं, आणि ही तिथं उकिडवी बसून इमारती व्हायच्या आधी इथं काय होतं, याची चौकशी करत राहिली. "पोरी, मासली घेनार हायस का नुसती इचारनार हायस?" मावशी वैतागली खरी, पण मग स्वतःच रंगात आली. बांध कुठं होता, खाडीचं पाणी कुठवर यायचं, कुणाचं शेत कुठं होतं, सगळं हातवारे करून सांगत बसली. बऱ्याच वेळानं भाची रिकाम्या हातांनी वर आली, डोळे मात्र भरलेले. "मामी, आपल्या बिल्डिंगच्या खाली भाताची खाचरं होती." "बरं झालं," बायको म्हणाली, "मग आज नुसता भातच खा."

आमचं घर म्हणजे एक खोली, एक हॉल आणि स्वयंपाकघर. हॉलमध्ये वडिलांचा टीव्ही, त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे अख्ख्या सेक्टरला पुरेल इतक्या आवाजात; खोलीत बायकोचं शिलाई मशीन. त्यामुळे भाचीचा खरा मुक्काम खाली सोसायटीच्या अभ्यासिकेत. अभ्यासिका म्हणजे ऑफिसला लागून असलेली एक खोली, दोन लांब टेबलं आणि गार वारा सोडून बाकी सगळं करणारा पंखा. आमच्या इमारतीतली पोरं आणि शिरवण्यातल्या एक-दोन मुली तिथं मान खाली घालून बसलेल्या असायच्या. भाचीसाठी ती खोली म्हणजे सर्वस्व होतं. माझे मेहुणे, म्हणजे तिचे वडील, सरळ माणूस, पण एक घाव दोन तुकडे करणारे. त्यांनी तिला पाठवतानाच सांगितलं होतं, "अभ्यासाला नीट जागा हाय तवर ऱ्हा. नसंल तर घरी यायचं. घरात बसून टीव्ही बघायला नवी मुंबई नको."

आणि नेमकी वार्षिक सभेची नोटीस लागली. विषयांत एक विषय, अभ्यासिकेच्या जागी जिम करणे. भाचीचा चेहरा उतरला. मी चेअरमनला भेटलो. माणूस मनानं चांगला, घाईत असतो इतकंच. म्हणाला, "यार, यंग मेंबर्सची डिमांड आहे. आपण काय व्हिलन आहे का? तुमच्या भाचीला बोलायचंय तर बोलू दे सभेत. आपली ना नाही."

झालं. तिनं तयारी सुरू केली. जेवताना आम्ही सभासद, ती वक्ता. पुराण, इतिहास आणि चालू घडामोडी तिन्ही कामाला लागली. वडील टीव्हीचा आवाज कमी करून ऐकायचे. यावरून तिच्या बोलण्याची ताकद लक्षात यावी.

आता आमच्या सभेची एक रीत सांगायला हवी. दिलेल्या वेळेला कोरम कधीच भरत नाही. येतात ते म्हातारेकोतारे आणि माझ्यासारखे भिडस्त. मग सेक्रेटरी उठून सभा अर्धा तास तहकूब करतात, आणि अर्ध्या तासानं तीच सभा, त्याच खुर्च्यांवर, कोरमशिवाय भरते. हे सगळ्यांना इतकं पाठ आहे की शहाणी माणसं मुळात येतातच अर्ध्या तासानं. त्या दिवशीही तसंच झालं. 'तहकूब' म्हणून सेक्रेटरी चहाचं बघायला गेले. चेअरमन भाचीला म्हणाला, "तू बोलणार होतीस ना? बोल की. तसं पण अर्धा तास टाइमपासच आहे." आणि ही उठली.

काय बोलली ती! आधी तो नाग आला. "आपली सोसायटी घुसळायला काढलीय. कुणाला जिम मिळंल, कुणाला पार्किंग मिळंल. पण दोरी कुणाची करताय, तेवढं बघा," म्हणाली. मग पानिपत आलं. "लढाई मैदानात हरायच्या आधी पोटात हरली होती. आमची पण लढाईच हाय, आणि ती खोली म्हणजे आमची रसद." मग शिरवण्याची मावशी आली, जहाजावरचे खलाशी आले. उरणचा गृहस्थ मान हलवत होता. मार्केटमध्ये हयात घालवलेले एक आजोबा चष्मा पुसत होते. चेअरमन मोबाइल खाली ठेवून म्हणाला, "मग त्या नागाचं काय झालं गं?" माझा ऊर भरून आला होता, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

अर्ध्या तासानं बाकीचे आले, सभा रीतसर सुरू झाली, आणि अभ्यासिकेचा विषय आल्यावर सेक्रेटरींनी विचारलं, "यावर कुणाला बोलायचंय?" भाची समाधानानं हाताची घडी घालून बसलेली. मी कोपरानं ढोसलं, तर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "झालं की बोलून मामा. तेच तेच परत बोललं की माणसं वैतागत्यात." गावी चावडीवर चार माणसांसमोर बोललं की बोललं. सभा सुरू व्हायच्या आधीचं बोलणं धरत नाहीत, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि घरी इतक्या तालमी करूनही आमच्यापैकी कुणालाच ते सांगायचं सुचलं नाही. मी तिला समजावेपर्यंत जिमसाठी हात वर झाले होते. आमच्या बाजूनं हात उठले ते अर्धा तास आधी आलेल्यांचे. चेअरमन नंतर म्हणाला, "मला पण वाईट वाटतंय, पण मिनिट्समध्ये गेलं ना आता." त्याच्याकडे बघून वाटलं, खरंच वाटत असावं.

मेहुण्यांनी शब्द पाळला. भाची गेली. बॅग भरताना रडेल म्हणून बायको पदर सावरून तयारीत होती, पण ती रडली नाही. म्हणाली, "मामी, हरलेल्यांचं वाचायला सोपं असतंय." एवढं बोलून तिनं पुस्तकं चादरीत बांधली. रडली ती बायको.

घर आता शांत आहे. आमटी गरम गरम खायला मिळते आणि गोड लागत नाही. ती गावात शाळेच्या ओसरीवर बसून अभ्यास करते, परीक्षा देते, यशाचं अजून नक्की नाही. परवा आमची पुन्हा वार्षिक सभा होती; अभ्यासिकेची जिम झाल्यापासून ती पार्किंगमध्ये भरते. नेहमीप्रमाणे कोरम नव्हता आणि सेक्रेटरींनी सभा तहकूब केली. पण कुणी उठेना. मार्केटवाले आजोबा माझ्याकडे बघत होते, उरणचा गृहस्थ माझ्याकडे बघत होता. शेवटी चेअरमनच खाकरून म्हणाला, "काय ओ, तुमची भाची हल्ली काय वाचतेय?"

मी फोन लावला आणि स्पीकर चालू करून खुर्चीवर ठेवला. तिकडून चिमण्यांचा आवाज येत होता. सगळे ऐकायला बसलेत म्हटल्यावर ती हळूच म्हणाली, "मामा, सभा चालू हाय का तहकूब हाय?"

मी चेअरमनकडे पाहिलं. त्यानं मोबाइल खिशात टाकला आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.

"चालू आहे," मी म्हटलं, "तू बोल."