कलम चौदाची शेवटची इच्छा

ग्लोगोवित्सा गावच्या इस्पितळात स्ताम्का एकतीस वर्षं एक्स-रे काढत होती आणि त्यातली शेवटची सहा वर्षं एका दाराशी भांडत होती. एक्स-रे खोलीचं ते शिशाचं दार वरच्या बिजागरीतून निसटलं होतं. यंत्र चालू करायचं म्हटलं की ती ते दोरीने खिळ्याला बांधायची, तरी वीतभर फट राहायचीच. फटीच्या बरोब्बर समोर, जमिनीत रोवलेला, रुग्णांचा बाक. तिची पोटुशी सून एकदा सासूला गरम बानित्सा, चीज भरलेली पोळी, द्यायला आली आणि त्याच बाकावर तासभर बसून राहिली. नात धडधाकट जन्मली, तरी स्ताम्कानं तिच्या हातापायांची बोटं दोनदा मोजून पाहिली.

दर वर्षी ती अर्ज करी. अर्जात किरणसुरक्षा नियमावलीचं कलम चौदा असे: दार पूर्ण बंद झाल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. दर वर्षी इस्पितळाचे संचालक डॉक्टर पेट्कानोव त्यावर गोल शिक्का मारून तो फडताळात ठेवत.

यंदा मे महिन्यात त्यांनी तिला स्वतः बोलावलं. शेजारी इस्पितळाचे वकील रांगेलोव बसले होते, बारशाला आल्यासारखे खुशीत.

"स्ताम्काबाई, तुमची नियमावली गेली," वकील म्हणाले. "कोर्टानं रद्दबातल ठरवली. राजपत्रात कधी छापलीच नव्हती हो. त्या अंकात तिच्या जागी रानगोगलगायी गोळा करायचे नियम छापलेत. म्हणजे चोवीस वर्षं आपण जो पाळत होतो, तो कायदा नव्हताच."

"आपण कुठे पाळत होतो?" स्ताम्का म्हणाली.

"तेच तर सांगतोय. आता न पाळणंसुद्धा कायदेशीर झालं."

"आणि किरण? ते पण रद्द झाले का?"

पेट्कानोवांनी घसा खाकरला. "हे बघ स्ताम्का, तुझ्या दाराला आता कायद्याचा आधार नाही. तुझा शिशाचा एप्रनसुद्धा सध्या नुसता कपडा आहे. अर्ज मागे घे."

घरी जाताना स्ताम्का निधनाचे कागद छापणाऱ्या दुकानात शिरली. माणूस गेला की ग्लोगोवित्सात त्याचा फोटो काळ्या चौकटीत छापून दारांवर, खांबांवर, बसथांब्यावर चिकटवतात. चाळिसाव्या दिवशी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. राजपत्र गावात कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण खांब वाचल्याशिवाय कुणाच्या घशाखाली सकाळची कॉफी उतरत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक खांबावर कागद होता: "आमची किरणसुरक्षा नियमावली, वय वर्षे चोवीस, हिचे अकस्मात निधन झाले. शेवटची इच्छा, कलम चौदा: दार पूर्ण बंद झाल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. शोकाकुल: स्ताम्का आणि बाकावरची मंडळी." वर मोडक्या बिजागरीचा फोटो.

लोक बाकाला वळसा घालू लागले. कुणीतरी बिजागरीखाली फुलं ठेवली, मयताला देतात तशी मोजून सम संख्येत. एक म्हातारा म्हणाला, मी तिला ओळखायचो, फार सोशिक होती बिचारी. स्ताम्कानं रीतीप्रमाणे गहू उकडून, साखर घालून पेल्यांतून वाटले. वकिलांनीही एक पेला घेतला आणि सवयीने "देव तिला क्षमा करो" म्हणून गेले.

खरी पंचाईत झाली ती नेदा आजी कंबरेचा एक्स-रे काढायला आल्यावर. नेदा आजी म्हणजे पेट्कानोवांच्या मातोश्री. त्या बाकावर बसल्या नाहीत. काठीवर रेलून उभ्या राहिल्या आणि लेकाला बोलावून घेतलं.

"दाढी केलीस?"

"रोजच करतो, आई."

"घरातलं माणूस जाऊन नऊ दिवस नाही झाले आणि तू गुळगुळीत तोंडानं हिंडतोस? चाळीस दिवस वस्तरा लावायचा नसतो, विसरलास?"

"आई, ती नियमावली होती. कागद."

"तुझा बापही शेवटी खांबावरचा कागदच झाला. मेलेल्याची इच्छा राहिली की तो घर सोडत नाही. आधी दार लाव, मग मी आत येते."

"पण कायद्यानं माझ्यावर तसं काही..."

"कायदा मेलाय ना? मग आता तरी त्याचं ऐक. जिवंत होता तेव्हा कुठे ऐकलंस?"

आईपुढे पेट्कानोव कधी जिंकले नव्हते. तिसऱ्या दिवशी लोहार आला. काम अर्ध्या तासाचं निघालं. दार मिटलं तेव्हा असा जड, ठाम आवाज आला की स्ताम्का तिथेच खुर्चीत बसून रडली. सहा वर्षांत तो आवाज ती विसरून गेली होती.

सप्टेंबरात नवी नियमावली आली, या खेपेला राजपत्रात रीतसर छापून. नोव्हेंबरात थंडी पडली आणि दार पुन्हा बिजागरीतून घसरलं. स्ताम्कानं नव्या कलमाचा आकडा घालून अर्ज लिहिला. पेट्कानोवांनी त्यावर गोल शिक्का मारला आणि फडताळ उघडलं.

"आता पक्का कायदा आहे, स्ताम्का," ते समाधानानं म्हणाले. "घाई कशाला?"

स्ताम्काला दुकानाच्या दारात बघताच निधनाचे कागद छापणारी बाई जुना साचा शोधायला उठली.

"सहा महिन्यांचा ना?" तिनं विचारलं.

"सहा महिन्यांचा," स्ताम्का म्हणाली. "फोटो तोच ठेव."