पोल्डी आणि दुसरी शांतता

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पोल्डी नेमेचेक राहते. व्हिएन्नाच्या रंगमंचावर मी चाळीस वर्षं राजे वठवले, पण पोल्डीइतका तयार कान मला कधी लाभला नाही.

ती एका प्रयोगशाळेत नोकरीला आहे, आणि तिथं तिचं काम एकच. काचेचे धागे आणि राळ यांच्या थरांचा तुकडा लोखंडी पकडीत धरायचा, उणे एकशे शहाण्णव अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचा आणि थर एकमेकांवरून सरकून सुटेपर्यंत ओढायचा. प्रचंड चुंबकांच्या तारांभोवती हेच आवरण असतं, तेही अशाच गारठ्यात.

तिच्या निवृत्तीच्या आठवड्यात तिनं मला काम बघायला बोलावलं. मला घ्यायला ती फाटकापर्यंत आली, तेवढ्यात डॉक्टर रीडल यांनी स्वतःच दोन तुकडे तोडले. नवी राळ त्यांचीच. थर सुटेपर्यंतचा ताण हवा होता किमान पंच्याहत्तर मेगापास्कल, आला अठ्ठावन्न आणि एकसष्ट.

"संध्याकाळी अहवाल जाणार, नेमेचेकबाई. दोन वर्षं पाण्यात गेली!"

"थांबलात किती?"

"उकळणं शांत होईपर्यंत. थर्मामीटरही उणे एकशे शहाण्णव दाखवत होता."

"तो द्रवात लटकतोय, डॉक्टरसाहेब, तुकड्याच्या पोटात नाही. गारठ्यात राळ घट्ट होते. अर्धवट गार तुकडा कमी ताणातच सुटणार!"

तिनं तिसरा तुकडा सोडला. रटरट झाली, मग शांतता. डॉक्टरांचा हात ओढणाऱ्या यंत्राच्या बटणाकडे गेला.

"हात खिशात!"

मला हसू आलं. मी मधेच श्वास घ्यायला थांबलो की टाळ्या पिटणारे प्रेक्षक आठवले. सर्वांत चांगलं वाक्य अजून माझ्या ओठांतच असायचं.

बऱ्याच वेळानं भांडं एकाएकी खवळलं. वाफेचे लोट उठले, खळखळाट झाला, आणि मग सारं चिडीचूप.

"पहिल्या शांततेत वाफेचं कवच द्रवाला लोखंडाला भिडू देत नव्हतं. ते फुटलं, आता कुठे पकड आतपर्यंत गार झाली. दाबा."

कडाड्! अठ्ठ्याऐंशी.

मी टाळ्या वाजवल्या.

"नटवर्य, तुम्हीसुद्धा? अजून चार तुकडे बाकी आहेत," पोल्डी म्हणाली. मग मुद्दाम पाठ फिरवून ती क्राप्फन, म्हणजे साखर भुरभुरलेला जॅमचा गोड वडा, खात बसली.

चौथा तुकडा डॉक्टरांनी सोडला. पहिली शांतता आली. त्यांनी तिच्या पाठीकडे पाहिलं आणि दोन्ही हात खिशात घातले. भांडं खवळलं, निवलं. मग त्यांनी बटण दाबलं.

नव्वद.

पोल्डीनं वळून न बघताच साखर लागलेली बोटं पुसली. "अहवाल लिहायला घ्या, डॉक्टरसाहेब. पहिले दोन खोडू नका. कारणासकट लिहा."