खोट्या चिपमधला खरा नंबर

जपानमध्ये तेव्हा एकही कॅसिनो नव्हता, पण परदेशी कॅसिनोंत पैशांऐवजी लावायच्या चकत्या, म्हणजे चिप, आमच्या कंपनीत बनत. जुगार वाईट, त्याचं सामान मात्र उत्तम, यात कुणालाच विसंगती दिसत नसे.

प्रत्येक चिपच्या पोटात नखाएवढा टॅग असे. टेबलाखालचं यंत्र त्यातला नंबर वाचून चिप खरी की बनावट ते सांगे. त्या यंत्राचं सॉफ्टवेअर लिहायला मी पुण्याहून वर्षाच्या करारावर आलो होतो.

माझ्या शेजारी एक वयस्कर तपासनीस बसत. तेच काम ते अंगठ्याने करत. चिपच्या कडेवरून तो फिरवायचा, दोन चिप एकमेकींवर वाजवायच्या आणि बनावट निघाली की म्हणायचं, ‘‘ही थकलेली दिसते.’’ भूकंपानंतर फुकुशिमातलं त्यांचं गाव रिकामं केलं गेलं होतं. निवृत्त होऊनही ते दरवर्षी करार वाढवून घेत आणि टोकियोजवळ ग्योतोकुला कंपनीच्या खोलीत राहत. करार संपला की खोलीही जाणार होती.

यंत्र आल्यावर अंगठा कशाला, असं वरिष्ठांना वाटू लागलं. संचालकांसमोर चाचणी ठरली. एकच ढीग आधी यंत्र तपासणार, मग तपासनीस. ढीग तयार करायचं काम माझं.

मी लबाडी केली. एका खऱ्या चिपमधला टॅग काढून बनावट चिपमध्ये बसवला. यंत्र फसेल, अंगठा फसणार नाही, आणि त्यांचा करार वाढेल, असं मला वाटलं. त्यांना काही सांगितलं नाही. चाचणी प्रामाणिक राहावी, हे माझं उदात्त कारण.

संचालक आले. फुलं होती, फीत होती आणि विश्वासावर एक लांब भाषण होतं. यंत्राने ती चिप खरी ठरवली. टाळ्या झाल्या. मग तपासनीसांचा अंगठा त्याच चिपवर थांबला, पुन्हा एकदा फिरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चिप खऱ्या ढिगात ठेवली.

जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, ‘‘तुम्हाला कळली होती ना?’’

‘‘कळली. फारच थकलेली होती.’’

‘‘मग?’’

‘‘तुमचं यंत्र चुकलं होतं, तेही एवढ्या लोकांसमोर. आणि तुमचा व्हिसा याच महिन्यात वाढवायचा आहे.’’

‘‘ती मीच घातली होती. तुमच्यासाठी.’’

ते बराच वेळ डब्यातलं लोणचं बाजूला सारत राहिले. ‘‘आधी सांगायचं ना,’’ ते म्हणाले. ‘‘नीट पकडली असती.’’

मी विभागाच्या साहेबांकडे, आमच्या काचोंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी वहीत टिपून घेतलं, आभार मानले.

‘‘पुढच्या आवृत्तीत सुधारा.’’

‘‘आणि चाचणीचा निकाल?’’

‘‘त्यावर सगळ्यांचे शिक्के झालेत.’’

माझा करार वाढला. मार्चअखेर तपासनीसांनी खोली रिकामी केली. जळणारा कचरा, न जळणारा कचरा, बाटल्या, सगळं वेगवेगळं बांधलेलं होतं. ते ओसाकाला लेकीकडे निघाले होते. ‘‘तिचं घर लहान आहे,’’ एवढंच म्हणाले.

पुढच्या आवृत्तीत यंत्राला चिपची कड तपासायला शिकवायचं होतं. नेमकं काय शोधायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून त्यांना फोन केला. त्यांनी तासभर, न कंटाळता, सगळं समजावून सांगितलं. मी लिहून घेत राहिलो.