नागदेवे सरांची सही

नागदेवे सर नकाशातली चूक कधी सांगत नसत. छापलेला कागद ते टेबलावर पसरायचे, डावा तळहात त्यावर ठेवायचे आणि उभ्यानेच वाचायचे. चूक दिसली की तिच्या शेजारी लाल पेन्सिलीने लहानसं प्रश्नचिन्ह काढून कागद परत द्यायचे. नेमकं काय चुकलं, ते आपण शोधायचं. कधी दहा मिनिटं लागत, कधी अख्खी दुपार. कोणी वैतागून विचारलंच तर म्हणायचे, "मी सांगितलं तर ते माझ्याच डोक्यात राहीन. तुझ्या डोक्यात काहून जाईन?"

आमचं ऑफिस जबलपुरात, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. नागपूरच्या एका कंपनीची ती शाखा. परदेशातल्या कारखान्यांना लागणाऱ्या लोखंडी शेडचे नकाशे आम्ही सहा जण काढायचो आणि सर तपासायचे. शाखेचे प्रमुखही तेच. माझे वडील शहराच्या रांझी भागात एका ठेकेदाराकडे मजूर होते आणि आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. मुलाखतीत मी हिंदीत सुरुवात केली तशी सरांनी माझा अर्ज बाजूला ठेवला. "आडनाव मेश्राम. घरी मराठी बोलून नाही राहिले का?" मी म्हणालो, "समजते, सर. बोलता कम येते." ते हसले. "चलो, मंग इथं दोन गोष्टी शिकशील." नागपूरहून येणारं मराठी वर्तमानपत्र वाचून झालं की ते माझ्या टेबलावर ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं काहीतरी विचारायचे. आज हे मी मराठीत लिहू शकतो आहे, ते त्यांच्यामुळे.

सरही रांझीतच राहायचे. पहिलं वर्षभर मी त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून ऑफिसला गेलो. सिग्नलला गाडी थांबली की मागे न वळता प्रश्न यायचा: अमुक मापाच्या पट्टीला कडेपासून भोक किती आत? हिरवा दिवा लागायच्या आत उत्तर द्यायचं. मला ती परीक्षा वाटायची. त्या वर्षात मला बसचं भाडं परवडत नव्हतं आणि सरांना ते ठाऊक होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

दुसऱ्या वर्षी माझ्या एका नकाशात खांबाच्या तळपट्टीची भोकं उलट्या बाजूला पडली. सरांच्याही नजरेतून ती सुटली. खांब बनून जागेवर पोचले तेव्हा चूक उघडी झाली आणि नागपूरहून लेखी जाब विचारला गेला. मी माफीचं पत्र लिहून सरांपुढे ठेवलं. त्यांनी ते न वाचता फाडलं.

"नकाशावर सही कोणाची आहे?"

"तुमची, सर."

"मंग चूक माझी. सही केली म्हणजे मी तिथं उभा आहो."

आमच्यातले सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन शुक्लाजी कोपऱ्यातून म्हणाले, "साहब दस्तखत नहीं करते, कन्यादान करते हैं." सगळे हसले, सरही हसले. शुक्लाजी आणि सर वीस वर्षं शेजारच्या टेबलांवर बसत होते. डबाही एकत्रच खायचे.

अकरा वर्षं मी तिथे काढली. मग मला परदेशात राहायचं वेड लागलं. त्याला फार थोर कारण नव्हतं. आमच्या घरातलं कोणी नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडून नागपूरच्या पलीकडे गेलं नव्हतं आणि मला जायचं होतं, एवढंच. शोधता शोधता माझ्या पगारात बसणारा देश निघाला मॉरिशस. नोकरी आपल्या देशातली ठेवायची, काम संगणकावरून पाठवायचं आणि राहायचं तिथे. परवाना वर्षाचा, वर्ष संपलं की नूतनीकरण. त्यासाठी कंपनीचं पत्र लागत होतं. नागपूरच्या साहेबांनी सांगितलं की शाखाप्रमुखाने सही केली तर आमची हरकत नाही.

एजंटने पत्राचा नमुना पाठवला होता. त्यात लिहिलं होतं की या कर्मचाऱ्याचं काम कार्यालयाबाहेरून करता येतं. मला ते लेचंपेचं वाटलं. साथीच्या काळात आम्ही सगळ्यांनीच काही महिने घरून कसंबसं काम रेटलं होतं, तेव्हा जरा ठासून लिहावं, अर्ज भक्कम होईल, असं माझ्या डोक्यात आलं. मी लिहिलं: 'या शाखेचे सर्व काम कार्यालयाबाहेरून करता येते. त्यासाठी कोणाच्याही प्रत्यक्ष हजेरीची गरज नाही.'

सर कागद घरी घेऊन गेले. सकाळी परत दिला तेव्हा त्या ओळीशेजारी लाल प्रश्नचिन्ह होतं.

मी ते पाहिलं. शोधायला दुपार लागली नसती, दोन मिनिटंही पुरली असती. पण एजंटने दिलेली तारीख जवळ आली होती. मी म्हणालो, "सर, परवानावाल्यांना असंच लिहून पाहिजे." ते खोटं होतं.

"नीट पाहिलं?"

"पाहिलं, सर."

त्यांनी लाल पेन्सिल खिशात ठेवली. "जायचंच आहे तुला?"

मी हो म्हणालो. त्याच मजकुराची नवी प्रत छापून आणली आणि त्यांनी सही केली.

मी, बायको आणि मुलगा मॉरिशसला पोचून पाच महिने झाले असतील. नागपुरात नवे व्यवस्थापक आले, त्यांनी फाइली चाळल्या आणि माझ्या पत्राची प्रत त्यांच्या हाती लागली. महिन्याभरात जबलपूरची जागा सोडायचं ठरलं. सगळ्यांना पाठवलेल्या सूचनेत लिहिलं होतं, 'शाखाप्रमुखांच्या लेखी अभिप्रायानुसार'. दोन तरुण मुलं संगणक घरी घेऊन गेली आणि त्यांचं भागलं. शुक्लाजींच्या घरात दोन खोल्या आणि सात माणसं होती. तिथे नकाशे होईनात. त्यांची नोकरी गेली, त्यांच्याबरोबर आणखी दोघांची. सरांना स्क्रीनवर तपासायला सांगितलं. ते महिनाभर झटले, मग निवृत्तीला तीन वर्षं असताना त्यांनी राजीनामा दिला. त्यांचं तपासणीचं काम कंपनीने मला दिलं. मी ते घेतलं. नोकरी गेली असती तर परवाना गेला असता.

त्यानंतर सरांचा एकदा फोन आला. नोकरीचा विषय त्यांनी काढलाच नाही.

"रांझीत लोकं म्हणून राहिले का नागदेवेनं लिहून दिलं आणि आपल्याच माणसांना घरी बसवलं. शुक्ला रस्त्यात दिसला तर तोंड फिरवते. तू एक कागद लिही, का ते वाक्य तुझं होतं. कंपनीला पाठव, एक शुक्लाला दे. बस."

नूतनीकरणाला दोन महिने होते आणि अर्ज त्याच पत्रावर उभा होता. मी म्हणालो, "सर, नूतनीकरण होऊन जाऊ द्या. मग लगेच लिहितो."

"अच्छा," ते म्हणाले. "चलो."

पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. नूतनीकरण झालं. मी लिहिलं नाही. आता मी तपासनीस होतो. पत्रातलं वाक्य मीच खोटं ठासून लिहिलं होतं, हे कंपनीला कोणत्या तोंडाने सांगणार? असं करता करता दुसरंही नूतनीकरण झालं.

त्या फोननंतर दोन वर्षांनी जबलपूरला सरांच्या घरी गेलो तेव्हा हिंदीत एक पान लिहून नेलं. कंपनीसाठी नाही, फक्त शुक्लाजींसाठी. सर खूप वाळले होते. काकूंनी, सरांच्या पत्नीने, चहा दिला. मी कागद पुढे केला तर सरांनी हातही लावला नाही.

"मला काहून देतो? मला तर माहीतच आहे. शुक्लाच्या घरी जा. वाचून दाखव."

शुक्लाजींचं घर तीन गल्ल्या सोडून होतं. त्यांनी मला खुर्ची दिली आणि शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भैया, ये तो नागदेवे साहब ने लिखवाया होगा आपसे." मी शपथ घेतली. ते म्हणाले, "दो साल आपको याद नहीं आया? आज उनके घर चाय पीकर याद आया? उनसे कहिए, अब रहने दें." त्यांनी कागद घडी करून माझ्या खिशात घातला.

परत आलो तेव्हा सर फाटकाशी उभे होते.

"वाचून दाखवलं?"

"हो, सर."

तेवढं खरं होतं. शुक्लाजी काय म्हणाले, ते मी सांगितलं नाही. सरांनी खांद्यावर हात ठेवला. "बरं केलं," म्हणाले.

आठ महिन्यांनी सर गेले. मी मॉरिशसलाच होतो. काकूंशी फोनवर बोललो तेव्हा त्या म्हणाल्या, तू येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर खुर्ची टाकून बसायचे. समोर दुसरी खुर्चीही ठेवायला लावायचे. शुक्ला येईन म्हणायचे. अंथरुणाला खिळले तेव्हाच ती खुर्ची आत आली.

मग त्यांनी विचारलं, "तुला तो येतो म्हणाला होता का रे?"

"हो, काकू," मी म्हणालो. "म्हणाले होते."