उन्हाला जुळवलेला धातू

सगळे ज्यांना गारवा सर म्हणत ते भेटले की नमस्काराआधी समोरच्याचा हात ओढून घ्यायचे आणि तळहातावर धातूचा एक राखाडी तुकडा ठेवायचे. तो जाडजूड चुंबकात धरला की कोमट व्हायचा, थोड्या वेळानं बाहेर काढला की गार. "गार लागलं का?" ते विचारायचे. घाटनांदूरच्या बाजारात बहुतेक जण "लागलं, लागलं" म्हणत हात सोडवून घेत.

सर तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवत. लोखंड, सिलिकॉन आणि लँथॅनम नावाचा कुणी न ऐकलेला धातू ते विद्यापीठाच्या भट्टीत एकत्र वितळवून आणायचे. त्याला ते संसार म्हणत. "नुसतं एकत्र राहून भागत न्हाई, सचिव. ज्याची त्याची जागा ठरली की तिसराच गुण येतो." स्वतः मात्र सडाफटिंग, त्यामुळे पोरांना आयतंच हसू.

मी दूध संस्थेचा सचिव. वीज गेली की आमचं दूध नासायचं. सरांना हेच तुकडे बसवून, गॅस आणि कॉम्प्रेसरशिवाय, चुंबकातून हातानं फिरवायचं गार करणारं चाक बनवायचं होतं. पण परदेशातल्या अशा धातूंना आपला उन्हाळा सोसत नव्हता. "त्याला बीडचं ऊन शिकवायचंय," म्हणत ते त्यात कोबाल्टही मिसळून त्याचं प्रमाण बदलत राहिले. तुकडे ठिसूळ, चाकात भुगा होई. स्टाफरूममध्ये कुणी ऐकेना, म्हणून ते माझ्याकडे येत. मला निम्मं कळत नसे. मी चहा पाजायचो. फार एकटा माणूस.

दुष्काळाच्या मे महिन्यात ते चाक कवटाळून एसटीतून उतरले. "जमलं! एक कॅन दूध द्या."

मी संस्थेला कुलूप लावत होतो. जनावरं चारा छावणीत, संकलन बंद. मी कुलपाकडं बोट दाखवलं.

"थोडं बी न्हाई?"

"थेंब न्हाई, सर."

मग मी टँकरच्या पाण्याचा तांब्या आणला. सर घामाघूम होऊन चाक फिरवत राहिले, पाणी नळीतून खेळत राहिलं. बऱ्याच वेळानं मी बोट बुडवलं. खरंच गार होतं.

"सचिव, तुमी पाहिलं ना?"

"पाहिलं, सर."

ते पायरीवर बसले आणि रडले. मलाही आवरेना.

त्याच वर्षी सर वारले. चाक भंगारात गेलं. आता हे सांगितलं की लोक पुरावा मागतात. पुरावा म्हणजे तो गार तांब्या. दुष्काळात तो ओतून कसा देणार होतो? आम्ही दोघांनी अर्धा अर्धा पिऊन टाकला होता.