पट्ट्याखालचं जॅकेट

चेनच्या ऑइलचा वास आला की वेलिंग्टनची फेरीबोट आठवते. एक मित्र आणि मी पहिल्यांदाच बाइक घेऊन न्यूझीलंडच्या साउथ आयलंडला निघालो होतो. माझी बाइक कोरी करकरीत, त्याची जुनीपुराणी. पण तिच्या हँडलला दसऱ्याचा प्लास्टिकच्या झेंडूचा हार, म्हणून बोटीवरचा माणूस तिलाच बघून 'स्वीट ॲज, ब्रो!' म्हणाला, म्हणजे 'एकदम झकास, भावा!'. माझा नुसता जळफळाट. बोटीत आपली बाइक आपणच पट्ट्यानं बांधायची असते. "माझीपण बांध ना रे," तो म्हणाला, आणि मी त्याचा पट्टा मुद्दाम सैल ठेवला. समुद्र खवळला तशी वर डेकवर मी कॉफी अर्धीच टाकून दिली. बोट लागल्यावर खाली आलो तर दोन्ही बाइक जागच्या जागी, आणि माझ्या बाइकच्या पट्ट्याखाली त्याचं जॅकेट. "नवी सीट घासली असती तुझी. तू वर गेल्यावर ते घातलं. माझा पट्टा सैल राहिला होता, तोही आवळला," तो हसत म्हणाला. त्या सीटवर अजून एक ओरखडा नाही. तिच्यावर बसलो की आजही हेवा वाटतो. त्याच्या बाइकचा नाही, त्याचा.