भोंग्याची तोंडबंदी

गल्लीत त्याला भोंगा म्हणत, आणि ते नाव त्यानं घाम गाळून मिळवलं होतं. बावीस वर्षं तो गिरणीत माग चालवत होता. चारशे मागांच्या खडखडाटात माणसाचा आवाज पोचत नाही, म्हणून तिथं सगळे एकमेकांचे ओठ वाचतात. पलीकडच्या टोकाला उभा असलेला सोबती मुकादमाला कोणती शिवी देतोय, हे भोंग्याला इकडून अक्षरन् अक्षर कळायचं. गिरणीनं मात्र त्याचे अर्धे कान ठेवून घेतले. त्यामुळे त्याला बोलण्याच्या दोनच तऱ्हा येत. एक, नुसते ओठ हलवायचे. दुसरी, समोरच्याच्या कानठळ्या बसवायच्या. बायको आणि मुलगी ओठ वाचायला शिकल्या होत्या, म्हणून एरवी ते घर गल्लीत सगळ्यांत शांत असे. पाहुणे आले की पंचाईत.

मुलीची दोन स्थळं त्याच्या नुसत्या ‘या, बसा’नं मोडली होती. दुसऱ्या वेळी तर नवऱ्या मुलाची आजी दचकून बसली खरी, पण खुर्चीवर नाही.

आता तिसरं स्थळ आलं होतं, पोस्टातल्या कारकुनाचं. हा मुलीच्या मनात भरला होता. आठवड्यात चार वेळा जाऊन तिनं चार तिकिटं आणली होती, आणि घरात पत्र लिहिणारं तर कोणीच नव्हतं. बायकोनं भोंग्याला आदल्या दिवशीच बजावलं, “अहो, हे मोडलं तर पोर खचेल. तुम्ही फक्त मान हलवायची.” त्यानं तिथल्या तिथं मान हलवून सुरुवात केली.

पाहुणे तिघं आले: मुलगा, त्याची आई आणि म्हातारे वडील. भोंगा मूग गिळून बसला. प्रवासाचं विचारलं, मान हलवली. गिरणीचं विचारलं, मान हलवली. नाव विचारलं तेव्हाही त्यानं मानच हलवली. चहा निवत चालला. मग मुलाच्या आईनं पदर तोंडापाशी नेला, पण ओठ काही नीट झाकले नाहीत. ती नवऱ्याच्या कानाशी कुजबुजली, “पोरगी छान आहे हो, पण बाप मुका दिसतोय. उद्या नातवंडं मुकी निघाली तर?”

खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या भोंग्यानं ते वाचलं. इकडे आड, तिकडे विहीर. बोलावं तर वचन मोडतं, न बोलावं तर लग्न. त्यानं बायकोकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि तो उभा राहिला.

“मी मुका नाही!”

बशी फुटली. मुलाच्या आईचा चेहरा पांढराफटक पडला, कारण आपण तर कानात कुजबुजलो, मग यानं ऐकलं कसं, याचा तिला पत्ता लागेना. बायकोनं कपाळाला हात लावला. गेलं, हेही गेलं.

पण मुलाचे वडील एकदम ताठ होऊन बसले. त्यांच्या चेहऱ्यावर खुशी मावत नव्हती. “वा! दहा वर्षांत पहिल्यांदा कोणाचं बोलणं नीट कानावर पडलं. ही बाई मघापासून कानात काय फुंकतेय, देव जाणे. मी आपला हो हो करतोय.” मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी फर्मावलं, “बोला व्याही, अजून बोला. मुलीबद्दल सांगा.”

‘व्याही’ हा शब्द भोंग्यानं वाचला आणि बोलायला तोंड उघडलं. बावीस वर्षांत जो आवाज कधी बसला नाही, तो नेमका आत्ता बसला. नुसते ओठ हलत राहिले. म्हातारे कानामागे हात धरून पुन्हापुन्हा विचारू लागले, काय, काय म्हणताय?

दारात उभ्या असलेल्या मुलीनं बापाचे ओठ वाचले. तिचे डोळे भरून आले. तिनं पुढे होऊन थेट बापाच्याच आवाजात, पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, “बाबा म्हणतात, मला हळू बोलता येत नाही, पण पोरीवर मी आजवर एकदाही ओरडलो नाही.”